मला भूक नाही

मालेगावचा आहे म्हटलं की समोरचा माणूस हमखास सिनेमाची चौकशी करतो. त्याचा दोष नाही. नाशिककडच्या मालेगावात नासिर शेख नावाच्या हौशी माणसानं यंत्रमागांच्या खडखडाटात 'मालेगाव के शोले' काढला, त्या सगळ्या खटाटोपावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांनी त्यावर चांगला घसघशीत हिंदी चित्रपटच काढला. ते मालेगाव वेगळं. आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, कागदोपत्री मालेगाव जहांगीर. अकोल्याहून नांदेडला जाणारा रस्ता आणि नागपूरहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता आमच्या गावात एकमेकांना भेटतात, आणि बाहेरच्यांना गाव माहीत असतं ते तेवढ्यापुरतंच. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला. त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. आमची पार्सलं अजूनही अधूनमधून नाशिक जिल्हा फिरून येतात. 'जहांगीर' हा शब्द पत्त्यात लिहिला तरी वाचतो कोण?

सांगायचं ते असं की, आमचं मालेगाव सिनेमे काढत नाही. आमचं काम बघण्याचं आणि बघताना बोलण्याचं. त्यात आम्ही कोणाला ऐकणार नाही.

रडण्याच्या सिनेमांची आमच्याकडे जुनी परंपरा आहे. १९९१ साली 'माहेरची साडी' आला तेव्हा बायका रुमाल घेऊन गेल्या आणि पदर ओले करून आल्या. त्याच्याही आधीच्या पिढीचं रडणं 'श्यामची आई'नं करून घेतलं. आचार्य अत्र्यांच्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, म्हणजे रडण्यावर सरकारी शिक्काही बसला. पण नीट पाहिलं तर हे सगळं खातं आईकडे. मराठी सिनेमातला बाप एक तर खाष्ट असतो, नाही तर भिंतीवर हार घातलेल्या फोटोत असतो. २००४ चा 'श्वास' त्याला अपवाद म्हणावा. डोळ्याच्या कर्करोगानं नातवाची दृष्टी जाणार आहे, आणि ती जाण्याआधी त्याला जग दाखवून आणणारा तो कोकणातला आजोबा. पण तोही आजोबा. बापाला रडवायचं आणि बापासाठी रडायचं, हे आपल्याला जरा जडच जातं. बाप समोर बसलेला असेल तर फारच.

आणि आमच्या घरी तो बसला होता. कूलरच्या बरोबर समोर, लुंगीवर, पायाची घडी घालून.

मे महिना होता. आमच्याकडचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही. पारा चव्वेचाळीसच्या आसपास रेंगाळत असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि दिवेलागणीनंतर भिंती दिवसभराची उधारी परत करायला लागतात. अशा रात्री मी 'द रोड' लावला. जॉन हिलकोट यांचा २००९ चा चित्रपट. जग जळून राख झालंय, सूर्य दिसत नाही, झाडं उभ्या उभ्या मेलेली, थंडीनं सगळं गोठलेलं, आणि त्या राखेतून एक बाप आपल्या मुलाला घेऊन पायी दक्षिणेकडे, समुद्राकडे चाललाय. बापाचं काम विगो मॉर्टेन्सननं केलंय, मुलाचं कोडी स्मिट-मॅकफी या त्या वेळी अकराएक वर्षांच्या ऑस्ट्रेलियन पोरानं. दोघांना नावं नाहीत. सामान म्हणजे दुकानात असते तसली एक ढकलगाडी, फाटक्या ताडपत्र्या, आणि एक पिस्तूल, ज्यात दोनच गोळ्या. माणसं जवळपास सगळी संपलेली; जी उरलीत त्यांच्यातली बरीच माणसं खातात.

चिरंजिवांना आधीच गच्चीवर झोपायला पाठवलं होतं. बाबांना मात्र कुठे पाठवणार? "इंग्रजी आहे बाबा, तुम्हाला कंटाळा येईल," असं मी म्हणून पाहिलं. "असू दे ना. थंडी तं दिसून राह्यली," बाबा म्हणाले. चव्वेचाळीस अंशांत दुसऱ्याची थंडी बघण्यातही सुख असतं.

पहिली दहा मिनिटं ते गप्प होते. मग त्यांचा पहिला प्रश्न आला. "पण झालं काय होतं?"

हा प्रश्न अमेरिकेतल्या मोठमोठ्या समीक्षकांनीही विचारलाय आणि त्याचं उत्तर कोणालाच मिळालेलं नाही. मूळ कादंबरीत नाही, सिनेमात नाही. एके रात्री घड्याळं थांबतात, दूर आगीचा उजेड दिसतो आणि पुढे सगळी राख. बॉम्ब पडला, उल्का पडली की ज्वालामुखी फुटला, लेखक सांगत नाही. मी बाबांना तसं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात कैऱ्या चिरत बसलेली आई तिथून म्हणाली, "सांगत नाही म्हणजे? पंचनामा नाही झाला काय?"

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न थट्टेचा नाही. गारपीट होवो, अतिवृष्टी होवो, नुकसान झालं आणि पंचनामा झाला नाही तर ते नुकसान झालंच नाही असं धरून चालायचं असतं. पीकविम्याचा नियम तर असा होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायचं. जग बुडाल्यावर ७२ तासांत कोणी कोणाला कळवायचं, टोल फ्री नंबर लागणार का, याचा विचार मॅकार्थी या लेखकानं केलेला दिसत नाही.

बाबांचा दुसरा शेरा मात्र मला सरळ जाऊन लागला. पडद्यावर एक मोठं शेत होतं, पलीकडे पडकं घर, बाप-लेक बांधावरून चाललेले. बाबा पुढे वाकले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "इथं तण बी नाही रे."

"नाही ना बाबा, सगळं मेलंय."

"तसं नाही. पीक मरते, झाड मरते, थे समजू शकतो. पण तण मरत नाही. जिथं तणच नाही थे जमीन गेली." आणि मग स्वतःशीच, "आता काही खरं नाही यायचं."

बाबांनी आयुष्यभर कापूस, तूर आणि मग सोयाबीन केलं. म्हणजे आयुष्यातला मोठा भाग तणाशी भांडण्यात घालवला. त्या वैऱ्याची अनुपस्थिती पाहून ते पहिल्यांदा घाबरले. हॉलिवूडला हे भय निर्माण करायला किती कष्ट पडले असतील पाहा. राखेचा तो रंग, काळं पडलेलं जंगल, यातला बराच भाग संगणकावर रंगवलेला नाही. चित्रीकरणासाठी त्यांनी खरोखरची उजाड ठिकाणं शोधली: पेनसिल्व्हेनियातला, १९६८ पासून वाहतुकीला बंद असलेला महामार्गाचा तुकडा आणि त्यावरचे बोगदे, कतरिना वादळानं उद्ध्वस्त केलेला लुइझियानाचा भाग, आणि ज्वालामुखीनं भाजून काढलेला सेंट हेलेन्स पर्वताचा परिसर.

बंद पडलेला महामार्ग ही कल्पना बाबांना पटेना. आपल्याकडे रस्ता बंद पडत नाही, त्याचं काम चालू राहतं. मी त्यांना म्हटलं, आपल्या तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग आठवा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे तो पाहायला गेलो होतो. भर दुपारी. नजर पोचेल तिथपर्यंत सरळ सिमेंट, दोन्ही बाजूंना कुंपण, झाडाची सावली नाही, आणि मुख्य म्हणजे चहाची टपरी नाही. बाबा त्या दिवशी म्हणाले होते, "एवढा रस्ता केला, माणूस कुठी उतरन?" ज्या रस्त्यावर चहा मिळत नाही तिथं जग बुडाल्याची पहिली खूण उमटते, असं माझंही मत आहे. आमचा जुना रस्ता याच्या अगदी उलट. त्याच्यावर खड्डे आहेत, पण प्रत्येक खड्ड्याशी एक हॉटेल आहे.

मुलाची आई सिनेमात फार थोडी आहे. शार्लीझ थेरॉननं ते काम केलंय. जगबुडी झाल्यानंतर तिला हे मूल होतं. काही वर्षं ती तग धरते आणि मग एका रात्री, सगळं संपवायचं ठरवून, अंधारात निघून जाते. नवऱ्याचा, मुलाचा नीट निरोपही घेत नाही. यावर आमच्या घरी बराच वेळ सिनेमा थांबवून ठेवावा लागला. "कशी माय म्हणावं हिले?" असं आई म्हणाली. ज्या बाईनं 'माहेरची साडी' मनापासून पाहिलाय तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? पण आमची सौभाग्यवती, जी तोपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली आहे असा माझा समज होता, ती मान वर न करता म्हणाली, "तिचं बाळंतपण कसं झालं ते पाह्यलं का तुम्ही? दिवे नाहीत, दवाखाना नाही, दाई नाही. नवरा एकटा." आईचा चाकू कैरीवर थांबला. मग ती म्हणाली, "हो, थे बी आहे." आणि त्या बाईवरचा खटला मागे घेतला गेला. मला स्वतःला सिनेमातला तो प्रसंग थोडा घाईत उरकल्यासारखा वाटतो. पण आमच्या घरातली फेरतपासणी पाहिल्यावर दिग्दर्शकानं जाणूनबुजून जागा सोडली असावी असं वाटायला लागलं.

नंतर ते तळघर येतं. उपासमारीनं दोघं अगदी टेकीला आलेले, आणि एका घराच्या अंगणात बापाला जमिनीत झाकलेलं दार सापडतं. खाली कोणीतरी संकटाच्या भीतीनं भरून ठेवलेला डब्यांचा साठा. फळं, मांस, पाणी, ब्लँकेटं. मी बाबांना समजावून सांगायला तोंड उघडलं तर ते आधीच म्हणाले, "पेव हाय थे."

पेव पाहिलेली माणसं आता कमी उरलीत. आमच्या वऱ्हाडात गावोगाव जमिनीखाली ज्वारीची पेवं असत. कोरडी जागा पाहून खणायची, आत कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड बुजवून वरून माती. वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नसे. चोर, लुटारू, दुष्काळ, तिघांपासूनही बचाव. मात्र पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नसे. आत विषारी वाफ कोंडलेली असते. उतरलेला माणूस वर येत नाही. आधी तोंड उघडं ठेवून वारा लागू द्यायचा, मग कंदील सोडून पाहायचा, तो विझला नाही तरच माणूस. त्यामुळे पडद्यावरचा बाप दार उघडून जिना उतरायला लागला तसे बाबा ओरडले, "अरे थांब ना! आधी दिवा सोड!"

तो वाचला. अमेरिकेतलं पेव हवेशीर असावं.

त्या तळघरात बाप-लेक पोटभर जेवतात, आंघोळ करतात, केस कापतात. जेवणाआधी मुलगा विचारतो की ज्यांनी हे ठेवलं त्या लोकांचे आभार मानायचे का. आणि मानतो, आपल्या परीनं. त्या लोकांपैकी कोणीच उरलं नसणार हे त्याला ठाऊक आहे, आणि ते गेले म्हणूनच हे आपल्याला मिळालं हेही. आमच्याकडे जेवणाआधी श्लोक म्हणतात, पण तो म्हणताना आमच्या चिरंजिवांचा एक डोळा भजीवर असतो.

आणि नेमके इथंच दिवे गेले.

जगात वीज उरलेली नाही अशी कथा, आणि ती वीज गेल्यामुळे बंद पडते. याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. कूलर गप्प झाला, अंगाला घाम फुटला, आई मेणबत्ती शोधायला उठली. आम्ही अंगणात बाजा टाकल्या. गच्चीवरून चिरंजीव खाली आले आणि आजोबांच्या बाजेवर शिरले. सिनेमाबद्दल कोणी काही बोलेना. मग अंधारात बाबा म्हणाले, "लबाड हाय थो."

"कोण?"

"थो बाप. भूक नाही म्हणते ना पोराले? लबाड हाय."

बाबांना इंग्रजी येत नाही. खालच्या इंग्रजी ओळी त्यांनी वाचल्या नव्हत्या. यंत्रातून निघालेला कोकाकोलाचा डबा बाप मुलाच्या हातात देतो, मुलगा आग्रह करून त्यालाही घोट घ्यायला लावतो, तेवढं त्यांनी पाहिलं होतं. कादंबरीत याहून नेमका प्रसंग आहे: बाप मुलाच्या पेल्यात कोको ओततो आणि आपल्या पेल्यात नुसतं गरम पाणी, आणि मुलगा ती चोरी पकडतो. तो प्रसंग बाबांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

मग त्यांनी बहात्तरचं सांगितलं. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडे मराठवाड्याइतका कडक नव्हता, पण विहिरी आटल्या, ज्वारी हातची गेली, आणि कोरडवाहू माणूस दुष्काळी कामावर गेला. रस्त्याची खडी फोडायची. सरकारी दुकानात अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची. तिची भाकर थापताना फुटायची आणि गिळताना टोचायची. कामावर लेकरांना सुकडी वाटत. तेव्हा बाबा बारा वर्षांचे. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, पहाटे निघायचे. आजी धुडक्यात दोन भाकरी बांधून द्यायची. संध्याकाळी आजोबा परत आले की धुडकं सोडायचे आणि त्यातली एक भाकर पोरांपुढे ठेवून म्हणायचे, "कामावर जेवण होतं, हे उरली. मले भूक नाही."

"एक दिवस," बाबा म्हणाले, "सकाळी मायनं भाकर तव्यावर टाकली अन् चुलीत फुंकर माराले बसली. भाकरीची एक कड जळली. चांगली काळी, बोटाएवढी. म्या पाह्यलं. संध्याकाळी बापानं धुडकं सोडलं तं तेच भाकर. तेच जळकी कड."

"मग?"

"मंग काय. ओळखली."

"आजोबांना बोललात?"

"नाही."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्या चिरंजिवांनी, जो प्रश्न मला विचारायचं धाडस झालं नव्हतं, तो विचारला. "आजोबा, मग तुम्ही ती भाकर खाल्ली का?"

"खाल्ली ना," बाबा म्हणाले. "भूक लागली होती."

दिवे आले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. आई आणि सौभाग्यवती झोपल्या. आम्ही उरलेला सिनेमा पाहिला, बाप आणि मुलगा. मधल्या पिढीचा मी, मला नेमकं कोणाच्या जागी बसून पाहावं ते कळेना.

एक गोष्ट मात्र त्या उरलेल्या भागात माझ्या चांगली ध्यानात आली, आणि तीच या सिनेमाची खरी ताकद आहे असं मला वाटतं. आपण समजतो की माया माणसाला मऊ करते. हा सिनेमा सांगतो की माया माणसाला कठोरही करते. त्या बापाचं सगळं जग एका मुलात गोळा झालंय. बाकी सारी माणसं त्याच्या लेखी धोका आहेत. रस्त्यात एक अर्धवट आंधळा म्हातारा भेटतो. रॉबर्ट ड्युव्हलनं ते दोन-चार मिनिटांचं काम असं केलंय की तो गेल्यावरही खोलीत बसून राहतो. मुलगा म्हणतो याला खायला द्या. बाप तयार नाही. शेवटी मुलाच्या हट्टापायी देतो. पुढे एक चोर त्यांची गाडी पळवतो. बाप त्याला गाठतो आणि पिस्तुलाच्या धाकावर त्याचे कपडे, जोडे सगळं काढून घेऊन त्याला थंडीत नागडा उभा करतो. मुलगा रडून रडून बापाला परत फिरवतो, कपडे परत ठेवायला लावतो. बाप मुलाला जगवतो खरा, पण बापातला माणूस मुलगा जगवतो.

यासाठी जग बुडायची गरज नाही. दिवाळीच्या आधी आमच्या मालेगावच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागते तेव्हा येऊन पाहा. मी स्वतः, एरवी सभ्य म्हणून ओळखला जाणारा माणूस, गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकतो, रुमाल कमी पडला तर पिशवी टाकतो, आणि दारातल्या गर्दीत कोपरानं वाट काढतो. कोणासाठी? लेकराला जागा मिळावी म्हणून. मागच्या वेळी अशीच जागा पटकावली. चिरंजीव खिडकीशी बसले. गाडी सुटता सुटता एक म्हातारी चढली आणि आमच्या सीटचा दांडा धरून उभी राहिली. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. चिरंजीव उठले आणि म्हणाले, "बसा आजी." मेडशी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. पातूरच्या घाटात तो उभ्या उभ्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला, आणि म्हातारीनं पिशवीतून काढून दोन सीताफळं माझ्या मांडीवर ठेवली. घेतली मी ती. काय करणार?

आणि २०२०, करोनाचं वर्ष. त्याबद्दल थोडंच लिहितो. त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या कितीतरी खेड्यांनी वेशीवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या, बाहेरच्यानं येऊ नये म्हणून. कारण विचारलं तर प्रत्येक गावात एकच उत्तर: आपली लेकरंबाळं आहेत. आणि हमरस्त्यावरून जे चालत जात होते, त्यांच्या खांद्यावरही लेकरंच होती. कोणाच्या डोक्यावर बोचकं, कोणाची सायकल, पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवलेलं पोर. आमच्या गल्लीतल्या लोकांनी पाण्याचे जार आणि भात ठेवला, पण तोही रस्त्याच्या कडेला, हात लांब करून. ८ मे २०२० च्या पहाटे याच पट्ट्यात, औरंगाबादजवळ करमाडला, जालन्याच्या कारखान्यातून मध्य प्रदेशात पायी घरी निघालेले सोळा मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या चपात्यांचा फोटो सगळ्या देशानं पाहिला. 'द रोड' पाहताना मला दूर अमेरिकेत कुठे जावं लागलं नाही.

मूळ कादंबरी कॉर्मॅक मॅकार्थी यांची, २००६ ची. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं. मॅकार्थी यांना साठी उलटून गेल्यावर एक मुलगा झाला. आमच्याकडे त्या वयात माणूस वारीच्या पिशवीला नवे बंद लावत असतो. मुलगा लहान असताना ते दोघं टेक्सासमधल्या एल पासो गावी एका हॉटेलात उतरले होते. रात्री मुलगा झोपलेला, आणि खिडकीतून बाहेर पाहताना म्हाताऱ्या बापाच्या मनात आलं की पन्नास-शंभर वर्षांनी हे गाव कसं दिसेल. त्याला डोंगरावर पेटलेल्या आगी दिसल्या, आणि शेजारी झोपलेलं पोर दिसलं. तिथून हे पुस्तक निघालं. ते त्यांनी मुलालाच अर्पण केलंय, आणि त्यातली बाप-लेकाची कितीतरी बोलणी आपल्या घरातल्या बोलण्यांतूनच उचलली असं त्यांनी सांगितलं आहे. २०२३ च्या जूनमध्ये मॅकार्थी गेले. उतारवयात मूल झालेल्या बापाचं गणित साधं असतं: आपण याला कुठपर्यंत पोचवू शकणार? सिनेमातला बाप खोकत असतो, थुंकीत रक्त पडतं, आणि तो चालतच असतो. समुद्रापर्यंत पोचवतो. त्याच्यापुढे काय होतं ते सांगत नाही; ज्यांना पाहायचाय त्यांचा रसभंग कशाला?

शेवट झाल्यावर मी बाबांकडे पाहिलं. ते डोळे पुसत होते की कूलरचं पाणी उडालं होतं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उठताना ते एवढंच म्हणाले, "पोराच्या पायात जोडे चांगले होते काय रे शेवटी?" मला आठवेना. सकाळी मी तेवढा भाग पुन्हा लावून पाहिला.

तुम्हाला 'द रोड' पाहायचा असेल तर अवश्य पाहा. मन हलकं करायला म्हणून मात्र लावू नका, आणि लहान लेकरांना दाखवू नका. त्यातली काही दृश्यं मोठ्यांनाही झोपू देत नाहीत. जेवणं आधी आटपून घ्या. घरात जुनं माणूस असेल तर शेजारी बसवा, इंग्रजीवाचून त्याचं काही अडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर वडील "तुम्ही घ्या, मला भूक नाही" असं म्हणाले, तर विश्वास ठेवू नका. उठून पातेल्यात किती उरलंय ते पाहा.